मदत हवी आहे : जेझुइट शाळेचे जुने कागद कोणाकडे मागायचे?

नाशिकमधल्या मिशनच्या शाळांवर एमएचा प्रकल्प करतेय. एका जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक फादरांच्या संघाच्या) शाळेचा 1987पूर्वीचा, म्हणजे नाशिक स्वतंत्र धर्मप्रांत होण्याआधीचा पत्रव्यवहार हवाय. बाप्तिस्म्याची नोंदवही नको, ती चर्चमध्ये असते एवढं माहीत आहे. शाळेत विचारलं, तिथे फक्त जनरल रजिस्टर आहे.

वाचून एवढं कळलं: धर्मप्रांत बिशपांचा, जेझुइट संघाचा प्रॉव्हिन्स (प्रशासकीय विभाग) वेगळा. त्याचा प्रमुख, म्हणजे प्रोव्हिन्शियल, संघाचे रोममधले सर्वोच्च प्रमुख (सुपिरियर जनरल) नेमतात, आणि फादरांच्या प्रत्येक घराला आपला प्रमुख, म्हणजे सुपिरियर. (बाहेरच्याने गोंधळावं अशीच रचना!)

या कागदांसाठी पुण्याला फक्त शनिवारी जाता येईल. कॉलेजचं पत्र आहे. मग अर्ज घराच्या सुपिरियरकडे करायचा, की थेट प्रोव्हिन्शियलच्या कार्यालयात?