पॅरिस ते रोम : रेल्वे कुठवर, मोटार कुठून?

प्रश्न : मे महिन्यात आई-बाबांसह आम्ही चौघे कोल्हापूरहून पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली असा १६ दिवसांचा प्रवास करणार आहोत. झुरिकला मोटार भाड्याने घेऊन ती रोमला परत करावी, असा विचार आहे. तो योग्य ठरेल का?

उत्तर १ : एका देशात घेतलेली मोटार दुसऱ्या देशात सोडल्यास वेगळे शुल्क पडते आणि ते पुष्कळदा भाड्यालाच मागे टाकते. त्यापेक्षा पॅरिसहून झुरिकला थेट टीजीव्ही या फ्रान्सच्या अतिवेगवान रेल्वेने जावे (सुमारे चार तास), पुढे मिलान, फ्लॉरेन्सपर्यंतही रेल्वेच धरावी आणि मोटार केवळ फ्लॉरेन्सभोवतालच्या टस्कनी प्रांतातील खेड्यांसाठी फ्लॉरेन्सला घेऊन तिथेच परत करावी. युरेल पास (युरोपातील अनेक देशांच्या रेल्वेसाठीचा एकत्रित पास) असला, तरी टीजीव्हीचे आरक्षण वेगळे काढावे लागते.

उत्तर २ : फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात ‘झेडटीएल’ (परवानगीशिवाय वाहनांना बंदी असलेला भाग) फलकाच्या आत मोटार घालू नये. हॉटेल शोधताना आम्ही दोनदा आत शिरलो आणि दंडाची नोटीस सात महिन्यांनी राजारामपुरीतल्या घरी येऊन थडकली! आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मात्र निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतूनच काढावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. झुरिकची मोटार रद्द केली. बाबांना रेल्वेची खिडकीच हवी होती.