मदत हवी आहे: डोक्यावर पाटी, फोटोत चेहरा काळा

कोकणातल्या हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावावेळी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या मावशींचे पोर्ट्रेट काढतोय, त्यांना विचारूनच. त्या पाण्याकडून वर येतात, म्हणजे सूर्य आणि चमकता समुद्र त्यांच्या पाठीशी. चुंबळीवरच्या पाटीची कडा पुढे येते, त्यामुळे वरून येणारा आकाशाचा उजेडही कपाळ-डोळ्यांपर्यंत पोचत नाही.

एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमी लेन्स, एफ/२.८, आयएसओ १००, शटर साधारण १/१६००. स्पॉट मीटरिंगने (फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोजून) चेहरा उजळतो, पण आकाश पांढरं फटक पडतं. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) सावल्या उजळवल्या तर डोळ्यांभोवती नॉइज, म्हणजे दाणेदारपणा येतो. हाय-स्पीड सिंकमध्ये (इतक्या वेगवान शटरलाही फ्लॅश चालवण्याच्या सोयीत) फ्लॅशची ताकद इतकी घटते की दोन मीटरवरूनही पुरत नाही; शिवाय फ्लॅश कॅमेऱ्यावर असल्याने ओली मासळी चकाकते. एफ/८ ला शटर १/२०० पर्यंत उतरतं आणि फ्लॅशचा साधा सिंक जमतो, पण मागची गर्दी स्पष्ट दिसते.

रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक) नको, ओझं डोक्यावर असताना डोळे दिपले तर पाय घसरेल. त्यांना थांबवायचंही नाही. सोबत एक मदतनीस आहे.

एनडी८ (उजेड आठपट कमी करणारा फिल्टर) लावून एफ/२.८ लाच १/२०० वर यावं आणि मदतनीसाने छोटा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी पेटी) छातीच्या उंचीवर, बाजूने धरावा, असा विचार आहे. पण इतक्या खालून दिलेल्या उजेडाने हनुवटीखालून चेहरा विचित्र दिसेल का? पाटीच्या कडेखाली उजेड पोचवायला कोन किती ठेवता?