मदत हवी आहे: परिषदेच्या १२० पाहुण्यांची ने-आण कशी बसवायची?

मंडळी, जरा अर्जंट आहे. पुढच्या महिन्यात आमची तीन दिवसांची परिषद, १२० डेलिगेट्स बाहेरून येणारेत आणि "तुला एक्सेल बरं जमतं" एवढ्यावर सगळ्यांची ने-आण माझ्या गळ्यात पडलीय.

फॉर्ममध्ये मी नुसतं 'येण्याची तारीख, वेळ' विचारलं, हा गाढवपणा माझाच. एकांनी लिहिलंय '१४ ला रात्री १२:२०'. आता ही १३ ची रात्र उलटून लागलेली १४, की १४ ची रात्र? मागच्या वेळी ह्याच घोळात गाडी बरोब्बर २४ तास उशिरा गेली, पाहुणे बिचारे स्वतः टॅक्सी करून आले आणि वर चकार शब्द बोलले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. दोघांचे फ्लाइट नंबर वेगळे म्हणून मी दोन गाड्या लावल्या, मग कळलं की विमान एकच, कोडशेअरमुळे (एकाच विमानाची तिकिटं दोन कंपन्या आपापल्या नंबरने विकतात) नंबर दोन!

येताना लोक दोन दिवसांत विखुरलेत, ते निभेल. खरी धास्ती परतीची. समारोप ५ ला आणि चाळीसेक जणांची विमानं ८ ते १० मध्ये, त्यात आंतरराष्ट्रीयवाल्यांना ३ तास आधी पोचायचं. हॉटेलं तीन. एक मोठी बस करू की छोट्या गाड्या?

प्रतिसाद १: फॉर्म परत पाठवू नका, कोणी भरत नाही. तिकिटाची पीडीएफ मागवा, बहुतेक वेळा टर्मिनलसकट सगळं त्यात असतं, आणि विमान मुळात कुठल्या कंपनीचं तेही, त्यावरून कोडशेअरवाले एकत्र करा. शीटमध्ये २४ तासांची वेळ, म्हणजे ००:२०, आणि शेजारी '१३-१४ मधली रात्र' असं चक्क शब्दांत. बस नको, एकाची बॅग अडकली की सगळे ताटकळतात. छोट्या गाड्याच करा, पण सीट मोजताना सामान धरा. परतीला हॉटेलं फिरूच नका, सकाळी चेक-आउट करून बॅगा सभागृहावर आणायला सांगा आणि तिथूनच गाड्या सोडा. आठच्या आंतरराष्ट्रीयवाल्यांचा समारोप बुडणार, ते त्यांना आत्ताच कळवा.

धागाकर्ती: बॅगा सभागृहावर! सुचलंच नव्हतं. आणि टर्मिनलवर चुकामूक झाली तर? बऱ्याच जणांचं रोमिंग बंद असतं हो.

प्रतिसाद २: फोनवर विसंबू नका. ड्रायव्हर जिथे उभा राहणार त्या खांबाचा, नंबर दिसेल असा फोटो आदल्या दिवशीच पाठवून ठेवा, सोबत गाडी नंबर.