मदत हवी आहे: पणजोबांची लष्करातली कागदपत्रं कशी लावावीत?

पणजोबा दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत ऑफिसर होते, १९४१ ला केरेनला (एरिट्रिया) आणि १९४४ ला इटलीत. त्यांची पत्र्याची ट्रंक आता माझ्याकडे आलीये. आत डायऱ्या, कापडावर चिकटवलेले नकाशे, घरच्यांची मोडीतली पत्रं, सेन्सॉरचे शिक्के असलेली पाकिटं आणि थोडे एअरग्राफ (पत्राची फिल्म विमानाने यायची आणि इकडे तळहाताएवढा प्रिंट घरी मिळायचा, ते) असं आहे. मेडल्स चुलत्यांकडे आहेत, तो विषय नाही. विकायचं काहीच नाहीये.

आतापर्यंत मऊ ब्रशने धूळ काढली, काही पानांना कसर लागलीये ती वेगळी ठेवली, डायऱ्यांचे मोबाइलवर फोटो काढून झाले. एकाने लॅमिनेशन करा म्हणून सांगितलं, ते मी मेलो तरी करणार नाही. मोडी वाचायला ओळखीचे एक काका आहेत त्यामुळे त्याची काळजी नाही.

अडलंय ते असं की पत्रांचे गठ्ठे पणजोबांनी स्वतः सुतळीने बांधलेत आणि आत तारखांचा काही मेळ नाही, १९४४ च्या पत्रात १९४१ चं पाकीट खोचलेलं, मधेच कॅन्टीनचं बिल. पुढेमागे सगळं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला द्यायचा विचार आहे, पण घरचे आत्ता मूळ कागद सोडायला तयार नाहीत आणि पावसाळ्याच्या आत स्कॅनिंग उरकायचंय.

तर अर्काइव्हमध्ये काम केलेल्यांनी सांगा, गठ्ठे सोडून तारखेप्रमाणे लावू की आहे त्याच क्रमाने नंबर टाकून स्कॅन करू, आणि नंबर मूळ कागदावर पेन्सिलने टाकलेले चालतात का?