हरिश्चंद्रगडावरील देऊळ आणि पाणी : सोलापूरकरांचे अनुभव

आपल्या सोलापूरचा किल्ला भुईकोट आहे. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालत गेले की आपण थेट त्याच्या तटाशी पोहोचतो, त्यामुळे गड चढून देवाला भेटण्याची सवय आपल्या पायांना सहसा नसते. म्हणूनच अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडावर जाऊन आलेल्या सोलापूरकरांनी आपले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. वाटेची माहिती पुष्कळ ठिकाणी मिळते. मला ऐकायचे आहे ते तेथील देवळाविषयी आणि पाण्याविषयी, कारण काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी घागरी-पिंपांत भरून ठेवणाऱ्या आपल्या माणसाला डोंगरावर, कातळाच्या पोटात साठलेले पाणी दिसते तेव्हा काय वाटते, हे ज्याचे त्यानेच सांगायला हवे.

सुरुवात मी करतो. पाचनई गावातून निघाल्यावर अडीच तासांनी आम्ही मंगळगंगेच्या ओढ्याशी आलो. हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ माथ्यावर नसून खोलगट भागात असल्यामुळे अगदी जवळ जाईपर्यंत ते दृष्टीस पडत नाही आणि मग एकदम संपूर्ण शिखर समोर उभे राहते. जवळच केदारेश्वराचे लेणे आहे. भोवती कंबरभर पाणी, मध्यभागी भलेमोठे शिवलिंग आणि त्याच्या चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एकच खांब. हे चार खांब म्हणजे चार युगे, असे तेथे सांगतात. ती कथा मी आदराने ऐकली, परंतु मनात राहिले ते पाणीच. बर्फासारख्या त्या पाण्यातून प्रदक्षिणा घालताना दुसऱ्याच पावलाला पाय बधिर झाले, आणि तरीही बाहेर यावेसे वाटत नव्हते.

जुळे सोलापुरातील निवृत्त शिक्षिका

वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी आणि माझ्या जाऊबाई जानेवारीत, गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर गडावर गेलो. पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी असली तरी आम्हाला चार तास लागले, हे समवयस्क मैत्रिणींनी लक्षात ठेवावे. वर ज्या मावशींकडे जेवलो त्यांनी पिठले आणि नाचणीची भाकरी वाढली. आम्ही आमच्याजवळची ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांनी तो कडक तुकडा हातात फिरवून पाहिला आणि “ही किती दिवस टिकते?” असे विचारले. मग भाकरी, पीठ आणि पाऊस यांवर आमचे बोलणे बराच वेळ चालले. रात्री दोन-दोन सोलापुरी चादरी पांघरूनही थंडी जाईना. पहाटे पुष्करणीवर गेलो. तिच्या एका बाजूस ओळीने कोनाडे कोरलेले आहेत. ते आज रिकामे आहेत, आणि ते रिकामेपण पाहून आम्ही दोघीही बराच वेळ काही बोललो नाही.

पंढरपूरचे एक वारकरी, सध्या सोलापुरात वास्तव्य

चांगदेव म्हटले की वाघावर बसून ज्ञानदेवांच्या भेटीस निघालेले योगी आणि त्यांनी पाठवलेले कोरे पत्र, एवढेच आम्ही लहानपणापासून कीर्तनांतून ऐकत आलो. या गडावर चांगदेवांनी तप केले आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ येथेच रचला, हे कळल्यावर मी मुद्दाम गेलो. देवळाच्या परिसरात त्यांचा उल्लेख असलेले शिलालेख आहेत. झिजलेली अक्षरे मला वाचता आली नाहीत, तरी मी त्यांच्यासमोर बसून राहिलो. आपल्या जिल्ह्यात हत्तरसंग कुडल येथे भीमा आणि सीना यांच्या संगमावरील देवळात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे. तो पाहिला तेव्हा जी भावना झाली होती तीच येथे पुन्हा झाली: आपण रोज बोलतो ती भाषा कोणीतरी दगडाच्या हवाली करून ठेवली आहे. कीर्तनातील चांगदेव गर्व हरण झालेले योगी आहेत. गडावरचे चांगदेव मात्र मला एकांतात लिहीत बसलेले दिसले, आणि त्यामुळे ते मला अधिक जवळचे वाटू लागले.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अशोक चौक

आम्ही जुलैमध्ये खिरेश्वरहून चढलो. तोलार खिंडीतील वाघाचे शिल्प पाहिल्यानंतर धुके इतके दाटले की पुढचा मित्र दिसेना. ओल्या कातळावर लोखंडी कठड्यांना धरून चढलो, परंतु पठारावर वाट चुकलो आणि दोन तास एकाच टेकाडाभोवती फिरत राहिलो. पावसाळ्यात या वाटेने गावातील माहीतगार माणूस सोबत घेतल्याशिवाय कोणीही जाऊ नये, असे मी कळकळीने सांगतो. कोकणकडा समोर असूनही दिसला नाही. १८३५ मध्ये कर्नल साइक्स यांना ज्या कड्यावरून इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसले होते, तेथे आम्हाला केवळ खालून वर येणारा वारा जाणवला. मी पुन्हा जाणार आहे.

एक आई, होटगी रस्ता

नऊ वर्षांच्या मुलीमुळे १४२९ मीटर उंचीच्या तारामती शिखरावर आम्ही गेलो नाही. शिखराच्या पायथ्याच्या लेण्यातील गणपतीची मूर्ती माणसापेक्षा उंच आहे आणि तिच्यासमोर मुलगी अर्धा तास चित्र काढत बसली. आमची सहल तेथेच सफल झाली.

चादर कारखान्यातील पर्यवेक्षक

मी लिहितो आहे ते थोडे दुःखाचे आहे. आम्ही गेलो त्या रविवारी एका गटातील मुले केदारेश्वराच्या पाण्यात उड्या मारत होती, आणि शिवलिंगाजवळ वेफर्सची रिकामी पाकिटे तरंगत होती. मी पाकिटे गोळा करू लागल्यावर त्यांतील दोघे मुकाट्याने मदतीला आले, हेही सांगितले पाहिजे. आमच्या लहानपणी विडी घरकुलात टँकरमागे घागर घेऊन धावलेला माणूस असे पाणी पाहून शांत राहू शकत नाही. थोड्या वेळाने गडावर जेवणाची सोय करणारे एक दादा हंडा घेऊन टाक्यावर आले. त्यांनी चपला दूर काढल्या, वरचा पाला हाताने बाजूला सारला आणि हंडा अलगद बुडवला. आम्हाला ताटे तेथेच धुवायची होती. ती उचलून आम्ही टाक्यापासून लांब गेलो आणि बाटलीतल्या पाण्याने धुतली.