आठ गाण्यांचा अल्बम, विषय दुःख आणि प्रेम: चाली एकसारख्या वाटतात, अहिराणी ओळी फिसफिसतात

केळीचं_खोड (जळगाव):
राम राम मंडळी. इंडी पॉप अल्बम घरीच करतोय, निम्मी गाणी अहिराणीत, निम्मी मराठीत. घरातलं माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या नवरा-बायकोनं एकमेकांना धरून राहणं, हा विषय. अडचणी दोन. सलग ऐकलं की तिसऱ्यापासून सगळं एकच गाणं वाटतं. सगळी ६८ ते ७४ बीपीएम (मिनिटाला ठोके), सगळी कोमल गंधारातली, म्हणजे उदास वाटणाऱ्या ‘ग’ची. दुसरं, आवाज दोनदा गाऊन एकावर एक ठेवला की अहिराणी ओळी फिसफिसतात, मराठी नाही. खोली १० बाय १२, वर पत्रा, कंडेन्सर माइक. आणि बहिणाबाईंची एक ओवी घ्यायचीय, परवानगी लागेल का?

लिंबाचा_झोका:
दुःख म्हटलं की लय पाडायची, ही सवय आधी सोडा. आपल्याकडे आखाजीला (अक्षय तृतीयेला) एकाच दिवशी पितरांची घागर भरतात आणि लिंबाला झोकेही बांधतात. झोक्यावरच्या गाण्यांत सासरचा जाच असतो, चाल मात्र डुलती. तीच उचला.

चार मीटर दोराचा झोका जाऊन यायला चार सेकंद घेतो. म्हणजे जाताना एक दादरा (सहा मात्रा), येताना एक. मिनिटाला १८० मात्रा. सॉफ्टवेअरमध्ये ६/८ लावा, पण क्लिक (कानातला ठोका) फक्त पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवा, मिनिटाला ६०. सगळ्या १८० मात्रा कानात वाजल्या तर गाणारा पळायला लागतो. आठांतली दोन गाणी या लयीत, एखादं १०० च्या आसपास सरळ चार मात्रांत. मंद दोनच, आणि शेजारी-शेजारी नकोत.

कोमल गंधाराला एका गाण्यात सुट्टी द्या. सा, म, प यांवरच साथ चालवा, गंधार पूर्ण गाळा. ऐकणाऱ्याला गाणं सुखाचं की दुःखाचं तेच ठरवता येत नाही. शेवटच्या कडव्यात शुद्ध गंधार एकदाच येऊ द्या.

पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणार असाल तर ती सगळ्यात आधी रेकॉर्ड करा. तिचे सूर बनवतानाच ठरलेले असतात. गिटार आणि सिंथ तिला लावून घ्यायचे, तिला ओढायचं नाही.

डीएसर_आप्पा (धुळे):
भाऊ, दोष माइकचा नाही, क्रियापदाचा आहे. येस, जास, करस, देखस: ‘तुन्ही याद येस’ म्हटलं की ओळ ‘स’वरच संपते. दोन टेकमधले (दोनदा गायलेल्या रेकॉर्डिंगमधले) ‘स’ पाव सेकंदाच्या आत मागेपुढे पडले की साप फुसकारल्यासारखं होतं. मराठीत ओळ बहुतेक ‘ते’, ‘तो’वर संपते, म्हणून तिथे कळत नाही.

दुसऱ्या टेकमध्ये शेवटचा ‘स’ गायचाच नाही, ‘ये’वर थांबायचं. आधीच गायला असेल तर तेवढा तुकडा कापून १० मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूच विरवणं) द्या. मुख्य टेकचा ‘स’ दोघांना पुरतो. माइक तोंडापासून एक वीत, कॅप्सूल नाकाच्या उंचीवर आणि थोडी तिरकी.

गादी माइकच्या मागे नको, गाणाऱ्याच्या पाठीमागे उभी करा; कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंत. आणि पत्रा! ऊन चढताना आणि संध्याकाळी निवताना तो टकटक वाजतो. पहाटे ४ ते ६ गाऊन घ्या, कूलर बंद. सर्वात मोठा आवाज उणे १० डीबीच्या वर जाऊ देऊ नका, २४ बिट.

केळीचं_खोड:
डी-एसर (‘स’ची फिसफिस दाबणारं टूल) लावून पाहिला होता, पण ‘येस’चं ‘येथ’ झालं.

डीएसर_आप्पा:
जास्त दाबला गेलाय. ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये ‘स’ कुठे टोचतो ते शोधा, फक्त तेवढाच पट्टा ३-४ डीबी खाली घ्या. ट्रेबल वाढवलेला इक्वलायझर डी-एसरनंतर असेल तर तो आधी आणा, नाहीतर दाबलेलं पुन्हा वर येतं.

ओवीवाला:
बहिणाबाई १९५१ साली गेल्या, संग्रह १९५२ साली आला. मरणोत्तर छापलेल्या लेखनाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो, म्हणजे त्या आवृत्तीतल्या कवितांचा २०१२ अखेर संपला. शब्द मोकळे आहेत, पण सिनेमातून कानात बसलेल्या चाली मोकळ्या धरू नका. संगीतकाराचा हक्क वेगळा मोजतात. चाल स्वतःची लावा, श्रेयात त्यांचं नाव द्या. आणि ती बोली लेवा वळणाची आहे. बाकीची गाणी अहिराणीत आहेत म्हणून तिथे ‘येस’, ‘जास’ घुसडू नका.

लिंबाचा_झोका:
मास्टरिंगचं (शेवटी सगळ्या गाण्यांचा आवाज जुळवण्याचं) राहिलं. मंद दोन गाणी बाकीच्यांइतकी मोठी करू नका. स्पॉटिफायवर अल्बम सलग वाजतो तेव्हा सगळ्या गाण्यांना एकच माप लागतं, आपण ठेवलेला फरक टिकतो. सुटं वाजलं तर ते साधारण उणे १४ लफ्सवर (आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं माप) आणतात. ट्रू पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) उणे १ डीबी ठेवा.