कोरियन लोकांना जपानचं राज्य अजून एवढं का सलतं?

मी वर्षभर ऑनलाइन कोरियन शिकतेय. आमच्या मॅडम एरवी एकदम शांत, पण परवा १५ ऑगस्टचा विषय निघाला (त्यांचाही स्वातंत्र्यदिन तोच, १९४५ चा) आणि त्यांचा आवाजच बदलला, म्हणाल्या आजीला शाळेत जपानी नाव घ्यायला लागलं होतं. राज्य तर ३५ वर्षंच, १९१० पासून. आपल्याकडे इंग्रज कितीतरी जास्त राहिले. मग तिकडे जखम एवढी ओली कशी?

उत्तर १:
वर्षं मोजून नाही कळणार हे. इंग्रजांनी आपली आडनावं नाही बदलायला लावली. तिकडे १९४० पासून जपानी पद्धतीच्या नावांची सक्ती झाली, शाळेतून कोरियन भाषा गेली. १९४२ला कोरियन शब्दकोश करणाऱ्या मंडळाचीच धरपकड झाली, त्यातले दोघं तुरुंगात वारले, हस्तलिखितही जप्त. देश सुटल्यावर सप्टेंबर १९४५ मध्ये ते सोल स्टेशनच्या गोदामात सापडलं आणि १९४७ला पहिला खंड निघाला! भाषा म्हटलं की ते लोक हळवे का होतात ते यात आहे.

उत्तर २:
सोन की-जोंग या कोरियन धावपटूचं पण वाच. १९३६ बर्लिन ऑलिंपिक, मॅरेथॉनचं गोल्ड, पण छातीवर जपानचा झेंडा आणि नावही जपानी उच्चाराचं. पोडियमवर मान खाली घालून उभा आहे तो. दोंग-आ इल्बो पेपरने फोटोतला झेंडा पुसून छापला म्हणून पेपर कित्येक महिने बंद पाडला. १९८८च्या सोल ऑलिंपिकला स्टेडियममध्ये मशाल घेऊन म्हातारा सोन आला, तो क्षण बघताना मला आजही भरून येतं.

उत्तर ३:
सगळं बरोबर, पण फक्त जपानवरचा राग म्हणून बघू नका, अर्धं भांडण घरातलं आहे. जपान्यांच्या हाताखालचे पोलीस, अधिकारी १९४५ नंतरही खुर्चीत राहिले. पुढे दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले पार्क चुंग-ही स्वतः जपानच्या ताब्यातल्या मांचुकुओच्या (ईशान्य चीन) सैन्यात अधिकारी होते, आणि त्यांनीच जपानशी १९६५चा करार केला, जपानकडून ३० कोटी डॉलर मदत, २० कोटी कर्ज. त्यातून पोहांगचा पोलाद कारखाना उभा राहिला, पण ज्यांनी भोगलं त्यांच्या हातात फारसं काही पडलं नाही. जपानी सैन्याने लैंगिक गुलाम केलेल्या बायका तर गप्पच होत्या, दक्षिण कोरियात त्यांच्यापैकी किम हाक-सुन १९९१ला पहिल्यांदा नाव-चेहरा न लपवता बोलल्या. म्हणजे ४६ वर्षांनी! मग जखम जुनी कशी म्हणायची?

मूळ प्रश्नकर्ती:
हे ४६ वर्षांचं डोक्यातच नव्हतं माझ्या. मॅडमना पुढच्या क्लासला आजीचं खरं नाव विचारते, हंगुलमध्ये (कोरियन लिपीत) लिहून घेते.